सिनेमॅटोग्राफी शिकायची आहे: पुणे, बेंगळुरू की सरळ मुंबई गाठू?

मागवाला
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी बेळगावातल्या वडगावचा. घरी सहा माग, त्यातले दोन बंदच असतात. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू आहे. गेल्या तीन लग्नसराया एका स्टुडिओवाल्या अण्णांच्या हाताखाली व्हिडिओ शूटिंगला जातोय. आधी लाइट धरायला, आता दुसरा कॅमेरा माझ्याकडे असतो. त्यातून एक लाख चाळीस हजार साठलेत.

मला लग्नं नाही, सिनेमा शूट करायचाय. अण्णा म्हणतात, "त्या पैशात चांगली कॅमेरा बॉडी आणि दोन लेन्सा घे, शिकायला शाळा कशाला पाहिजे?" बाबा म्हणतात, "शिकायचं असेल तर सरकारी ठिकाणी शिक, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे." मुंबईतल्या एका खासगी संस्थेचा तर रोज फोन येतोय, एक वर्षाचा कोर्स, 'शेवटच्या तीन जागा'. आमच्यापैकी कुणी या वाटेनं गेलंय का? मराठी माध्यमातून शिकलोय, इंग्रजी वाचतो, पण बोलताना अडखळतो.

कुंदा_किलोभर
बॉडी घे, लेन्सा घे, आणि माझ्या भावाचं लग्न फुकटात काढून दे. शाळा-बिळा नंतर बघू की.

शहापूरकर
बाबा बरोबर बोलतात. तीस वर्षं बँकेत काढली, म्हणून फक्त कर्जाचं सांगतो. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेत बसतं. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून होतो. पण बँक पहिल्यांदा काय बघते? संस्थेला मान्यता आहे का. खासगी सिनेमा कोर्सांपैकी कितीतरी नुसते 'सर्टिफिकेट' देणारे असतात, तिथं मॅनेजर फाइल उघडतसुद्धा नाही. मग घर गहाण ठेवतात नाहीतर वैयक्तिक कर्ज काढतात आणि बारा-चौदा टक्क्यांनी फेडत बसतात. रोज फोन करणाऱ्याला एकच विचार: "तुमच्या कोर्सला शैक्षणिक कर्ज होतं का, आणि कुठल्या बँकेतून झालंय?" बहुतेक पुढचा फोन येणार नाही.

निपाणीकर
शहापूरकर काकांना +१. मी या खड्ड्यात पडलेला माणूस आहे.

संस्थेचं नाव घेत नाही. वडिलांनी तंबाखूचे पैसे आले त्या वर्षी फी भरली. माहितीपत्रकात मोठमोठ्या कॅमेऱ्यांचे फोटो. बॅचमध्ये आम्ही चौतीस जण. अकरा महिन्यांत मोठा कॅमेरा माझ्या हाताला दोन दिवस लागला, त्यातला एक दिवस तो ट्रायपॉडवरून काढू नका म्हणून सांगितलेलं होतं. बाकी वेळ प्रोजेक्टरवर व्हिडिओ. शेवटी 'प्लेसमेंट' म्हणजे एका मालिकेच्या सेटवर बिनपगारी तीन महिने. चहा आणून देत होतो.

त्यामुळे माझ्याकडून एवढंच. कौन्सेलर बाईंशी अजिबात बोलू नकोस. संध्याकाळी संस्थेच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहा. शेवटच्या वर्षाची पोरं तिथं असतातच. त्यांना विचार, तू स्वतः कॅमेरामन म्हणून किती एक्सरसाइज (सरावाच्या छोट्या फिल्म) शूट केल्यास? असिस्टंट म्हणून नाही, स्वतः. आणि गेल्या वर्षीच्या पोरांचं काम दाखव म्हणावं. दाखवायला कुणी का-कू केलं की तिथूनच परतीची गाडी पकड.

हुब्बळ्ळी_पॅसेंजर
कर्नाटकात राहून बेंगळुरूचं नाव कुणी घेईना, आश्चर्य आहे. हेसरघट्ट्याला सरकारी फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे, सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा डिप्लोमा. परंपरा लहान नाही. पूर्वी ही शाखा बेंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये होती. गुरुदत्त यांचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती तिथले, आणि गोविंद निहलानीसुद्धा तिथलेच. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेला कॅमेरामन (मूर्ती) आपल्या राज्याच्या पॉलिटेक्निकमधून निघालाय. फी पण परवडणारी.

एक मात्र आहे, हा दहावीनंतरचा डिप्लोमा आहे. तू पदवीधर होणार, म्हणजे वर्गात सोळा-सतरा वर्षांची पोरं असतील. आणि कन्नड लागतं. पेपरासाठी नाही म्हणत, हॉस्टेलात आणि नंतर सेटवर. बेळगावच्या पोरांना तेवढं येतंच.

कुंदा_किलोभर
येतं की. बाजारात भाजीचा भाव करण्यापुरतं.

खडेबाजार
कन्नडचा विषय निघालाच आहे तर विचारतो, कर्नाटकात राहून मराठी सिनेमाच का करायचा? आणि आमच्या गावात एखादा मराठी सिनेमा लागला तर तो चार दिवस तरी...

धागापाल
खडेबाजार, इथं सीमाप्रश्न नको. त्याला तीन धागे आहेत. या पोराला शाळा निवडायचीय.

चोर्ल्याचा_पाऊस
धागा आज दिसला. मी खानापूर तालुक्यातला, पुण्याच्या एफटीआयआयमधून (सरकारी फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) सिनेमॅटोग्राफी करून आता मुंबईत काम करतो. लांबलचक होईल, आधीच माफी मागतो.

पहिल्यांदा कागदपत्रांचं, कारण आपली पोरं तिथंच अडकतात. पुणे आणि कोलकाता (सत्यजित राय इन्स्टिट्यूट, १९९५ सालची) या दोन्ही संस्था केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी जो वेगळा प्रकार आहे, त्याचा इथं काही संबंध नाही. तसंच आपल्या नाडकचेरीतून (महसूल कचेरीतून) मिळणारा ३बीचा, म्हणजे कर्नाटकातल्या मागासवर्गाच्या एका गटाचा दाखला राज्याचा. केंद्रात केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असेल तरच तो मिळतो. हे आत्ताच तपासून घे. मी शेवटच्या आठवड्यात तपासलं आणि सर्वसाधारण गटातून फॉर्म भरला. उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये आला असेल तर भाषांतर करून नोटरी करून ठेव.

पात्रतेला कुठलीही पदवी चालते. बी.कॉम. आहे म्हणून घाबरू नकोस. (साउंडला मात्र बारावीला फिजिक्स हवं.) प्रवेश परीक्षा इंग्रजी-हिंदीत. त्यात वस्तुनिष्ठ भाग असतो आणि लिहिण्याचाही असतो. त्यातून पुढं गेलास की मुलाखत. सिनेमॅटोग्राफीला जागा अगदी मोजक्याच. पहिल्या वेळेला लागलं नाही तर रडायचं नाही. माझंही दुसऱ्या वेळेला लागलं.

आता तुझ्या अण्णांचा प्रश्न, शाळा कशाला? प्रश्न वाईट नाही. कॅमेरा चालवायला शाळा लागत नाही. शटर, आयएसओ, टी-स्टॉप महिन्याभरात यूट्यूबवर येतं. लग्नांमुळे तुला त्यातलं निम्मं येतच असणार. शाळेत मला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे चुकायला वेळ. सेटवर तुझी चूक प्रोड्यूसरच्या पैशानं होते, दुसऱ्या दिवशी तू घरी. शाळेत ती चूक वर्गासमोर पडद्यावर लागते आणि मास्तर दीड तास विचारत बसतात, हा लाइट कुठून आला, का आला. लाज वाटते, पण त्या दीड तासाचे पैसे बाहेर कुणी देत नाही.

दुसरी म्हणजे सोबत. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांची पोरं एकमेकांच्या एक्सरसाइजला हमाली करतात. पुढं तीच दिग्दर्शक होतात, तीच एडिटर होतात. मला मिळालेलं पहिलं काम माझ्या रूममेटच्या सिनेमाचं होतं. आणि जागाही तशीच आहे. आवार प्रभात स्टुडिओचं. आपल्या कोल्हापूरची ही कंपनी १९२९ सालची, १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि १९६० मध्ये त्याच आवारात सरकारनं ही संस्था काढली. जवळच जुने सिनेमे जपणारं फिल्म अर्काइव्ह. रात्री आवारातल्या विज्डम ट्री नावाच्या झाडाखाली बसून भांडणं करायला मिळतात, आणि बेळगावहून आलेल्या पोराला तिथं कळतं की आपण कुठल्याच बाबतीत कमी नाही, फक्त कमी बघितलंय.

वाईट बाजू पण लिहितो. तीन वर्षांचा कोर्स पूर्वी ओढत ओढत पाचावर जायचा. २०१५ मध्ये तर विद्यार्थ्यांचा १३९ दिवसांचा संप झाला होता. मधली दोन वर्षं घरचे विचारतात, अजून संपलं नाही होय? त्याचं उत्तर तयार ठेव.

शहापूरकर
उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली. भाचीसाठी.

येळ्ळूरगड
विरोधी मत मांडतो. सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र कुठल्या फिल्म स्कूलमध्ये गेले होते? राय यांचा पहिला सिनेमा शूट करायच्या आधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बनवला. ज्याच्यात आहे त्याच्यात आहे. एक लाख चाळीस हजारात कॅमेरा घे आणि जांबोटीच्या जंगलात जाऊन शॉर्टफिल्म कर. उगाच तीन-पाच वर्षं वाया.

चोर्ल्याचा_पाऊस
बाबूराव पेंटरांचं उदाहरण मला नेहमीच भारी पडतं, मान्य. पण सुब्रत मित्र यांचं अर्धंच सांगितलंत. पहिल्या सिनेमाच्या आधी ते अमेच्युअर होते हे खरं. दुसऱ्या सिनेमात बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. आकाशाचा उजेड वरून पडतो तसा मऊ उजेड कसा आणायचा, हा प्रश्न. त्यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर मारून परतवले. साल १९५६. मागवाला, आज तू लग्नाच्या हॉलमध्ये थर्माकोलवर लाइट मारतोस, ती त्याच घराण्यातली गोष्ट. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, बरोबर. पण म्हातारपणी ते कुठं शिकवायला गेले? कोलकात्याच्या त्याच सरकारी संस्थेत. शाळा फालतू वाटली असती तर गेले नसते.

टिळकवाडीची
बायकांच्या बाजूनं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मागवाला, तुझ्यासाठी नाही, वाचणाऱ्या मुलींसाठी.

मी शाळा न करता मुंबईत कॅमेरा असिस्टंट झाले. मार्ग असा असतो: कॅमेरा भाड्यानं देणाऱ्या दुकानात ओळख काढायची, कॅमेऱ्याबरोबर अटेंडंट म्हणून जायचं, मग दुसरी असिस्टंट, मग फोकस पुलर (शॉटमध्ये फोकस सांभाळणारी), मग कधीतरी डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन. या वाटेनं मोठे झालेले कॅमेरामन मुंबईत भरपूर आहेत. पण दुकानाच्या काउंटरवर मला पहिला प्रश्न होता, "मॅडम, पेटी उचलणार का?" उचलली. बारा तासांची शिफ्ट, त्यात सोळा तास. कॅमेरावाल्यांच्या असोसिएशनचं कार्ड असल्याशिवाय मोठ्या सेटवर उभं करत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. पहिली दीड वर्षं मी मावशीकडे डोंबिवलीत राहिले म्हणून टिकले. ज्यांची मावशी मुंबईत नाही, त्यांनी हिशेब आधी करावा.

शाळेतून आलेल्या मुलीला हाच प्रश्न कमी वेळा विचारतात. हे अन्यायाचं आहे, पण आहे. आता महिला सिनेमॅटोग्राफरांचं स्वतःचं मंडळ आहे, इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह. त्यातल्या ताया नव्या मुलींना उत्तरं देतात. मला दिली होती.

निपाणीकर
ताई, दंडवत. पेटी मला पण जड होती.

हुब्बळ्ळी_पॅसेंजर
आणखी एक राहिलं. चेन्नईच्या सरकारी इन्स्टिट्यूटचं नाव कुणी घेतलं नाही. १९४५ पासून आहे. कॅमेरामन पी. सी. श्रीराम तिथले. तमिळ यावं लागेल हे उघड. चेन्नईतच राजीव मेनन यांची माइंडस्क्रीन खासगी असली तरी कॅमेरावाल्यानं काढलेली आहे. मुंबईच्या फिल्म सिटीतलं व्हिसलिंग वुड्स फीच्या बाबतीत आपल्या कुणाच्याच खिशातलं नाही, म्हणून गाळतो.

मागवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना धागा वाचून दाखवला. शहापूरकर काकांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. मुंबईच्या त्या संस्थेला कर्जाचं विचारलं. "आमच्याकडे ईएमआय आहे सर," म्हणाले. ठेवला फोन.

दादा (चोर्ल्याचा पाऊस), एक विचारतो. पुण्याला दोन वेळा लागलं नाही तर? आणि तोवर काय करू? कॅमेरा घेऊ का?

चोर्ल्याचा_पाऊस
पैसे बँकेत ठेव. त्यातले थोडे एफटीआयआयच्या छोट्या कोर्सला वापर. स्किफ्ट नावाखाली गावोगावी आठ-पंधरा दिवसांचे कोर्स होतात. अर्काइव्हबरोबर फिल्म अप्रिसिएशनचा कोर्स असतो. तो कर, त्यात तुला सिनेमा बघायला शिकवतात. पुण्याला लागलं नाही तर कोलकाता, तेही नाही तर बेंगळुरू. नापास झालास तर मीच खासगी निरोप पाठवून शिव्या घालीन.

तोवर एक अभ्यास देतो. घरच्या मागाच्या खोलीत एक खिडकी असेल. एका दिवसात, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, दोन-दोन तासांनी त्याच जागेवरून एकच फ्रेम काढ. माणूस एकच, बसायची जागा एकच. मोबाइल चालेल. एकही दिवा लावायचा नाही, एडिटिंग करायचं नाही. प्रत्येक फ्रेमखाली एक ओळ लिही: उजेड कुठून आला. बाकी काही नको.

कुंदा_किलोभर
यापेक्षा माझ्या भावाचं लग्न बरं होतं.

मागवाला
(नऊ दिवसांनी)
काल रविवारी काढलं. आई कांड्या भरत बसते ती जागा धरली. सहा फ्रेम मिळाल्या, सातवीला आई उठून स्वयंपाकाला गेली. फोटो इथं चढेनात म्हणून लिहूनच सांगतो.

सहाला: नुसता निळसर अंधार, खिडकी दिसते, आई दिसत नाही.
आठला: उन्हाचा पट्टा भिंतीवर, आईवर नाही.
दहाला: पट्टा जमिनीवर आला. सुताची धूळ दिसायला लागली, मला वाटलं लेन्स घाण झालीय.
बाराला: कौलातल्या काचेतून ऊन सरळ मागावरच्या पांढऱ्या ताण्यावर (उभ्या सुतावर) पडलं. आणि दादा, आईच्या तोंडावर उजेड खालून आला. डोळ्यांखालचं काळं गेलं. आई बघून म्हणाली, "माझा लग्नातला फोटो वाटतोय." ऊन तिच्यावर पडलेलंच नव्हतं, ताण्यावर पडलेलं.
दोनला: ऊन सरकलं, तोंड परत काळवंडलं. ताणा तोच, आई तीच.
चारला: सगळं पिवळं. खिडकीतून ऊन येत नाही तरी पिवळं. अर्धा तास कळेना का. मग बाहेर जाऊन बघितलं, शेजाऱ्यांनी परवाच भिंतीला पिवळा रंग दिलाय.

एक अडचण. बाजूच्या खोलीत ट्यूबलाइटखाली व्हिडिओ काढून बघितला तर पडद्यावर काळे पट्टे फिरत होते. मोबाइल बिघडला काय?

टिळकवाडीची
बारा वाजताची फ्रेम लिहिलीस ती मी दोनदा वाचली.

चोर्ल्याचा_पाऊस
मोबाइल ठीक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. शटर त्याच्याशी जुळलं नाही तर पट्टे येतात. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेव, जातील. लग्नात हॉलवर आले असतील तेव्हा अण्णांनी काय केलं होतं?

मागवाला
अण्णा म्हणायचे, "कॅमेरा तापलाय, थोडा वेळ बंद ठेव."

येळ्ळूरगड
हाहा. अण्णांबद्दलचं माझं मत थोडं बदललं. शाळेबद्दलचं नाही.

चोर्ल्याचा_पाऊस
सगळ्या ओळी बरोबर आहेत. फॉर्म भरतोस तेव्हा हे सहा फोटो आणि या सहा ओळी एका वहीत चिकटवून ठेव, मुलाखतीला ने. कुणी विचारलं नाही तरी ने.

आता तीच खिडकी, तीच आई, रात्री. एकच दिवा वापरायचा. तो कुठं ठेवायचा ते तू ठरव.

मागवाला
आत्ता तेच करायला बसलो होतो तर लाइट गेली. मेणबत्तीवर चालेल काय?

चोर्ल्याचा_पाऊस
चालेल म्हणजे काय! आईंना सांग हलू नका.